‘किलोभर गांजा चालतो’ असं सांगणारा निरोप खोटा आहे

हॉस्टेलवरच्या मुलांच्या ग्रुपांमधून एक निरोप फिरतोय: ‘स्वतःसाठी किलोभर गांजा किंवा दोन ग्रॅम एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) जवळ ठेवणं गुन्हा नाही. पकडलं तरी पोलीस ठाण्यात दंड भरून सुटका होते. पावडरीत भेसळच जास्त, त्यामुळे वजन भरत नाही. बॅग मित्राची आहे म्हटलं की विषय संपला.’ यावर विसंबून एखादं पोर कोठडीत जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

किलोचा आकडा खरा आहे, अर्थ खोटा. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली प्रत्येक पदार्थाचं ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ प्रमाण ठरलेलं आहे. गांजासाठी ते एक किलो आणि २० किलो, एमडीसाठी दोन ग्रॅम आणि ५० ग्रॅम. ही प्रमाणं शिक्षा किती हे ठरवतात, बाळगायची मुभा देत नाहीत. अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही कैद आधी सहा महिन्यांची होती, २०१४ मध्ये वाढवली. दोन्हींच्या मधे असाल तर दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाण असेल तर किमान दहा, कमाल वीस वर्षं, वर एक ते दोन लाख दंड. नुसत्या सेवनालाही कलम २७ आहेच.

दंड घेऊन प्रकरण मिटवायचा अधिकार पोलीस ठाण्याला नाही. शिक्षा कोर्ट देतं. या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं. म्हणजे पुडी लहान असली तरी जामीन कोर्टाकडेच मागायचा. व्यापारी प्रमाणात तर कलम ३७ आडवं येतं: आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते.

भेसळीचा मुद्दा सगळ्यात घातक. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंश मोजायला सांगितलं होतं, हे खरं. पण २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. आता अख्खं मिश्रण वजनात धरतात. तीनशे ग्रॅम पावडरीत हेरॉईन दहाच ग्रॅम असलं, तरी हिशेब तीनशेचा, आणि हेरॉईनचं व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम. एमडीएमएचं (‘एक्स्टसी’च्या गोळ्यांतला पदार्थ) तर दहाच ग्रॅम. पाव ग्रॅमची गोळी धरली तर चाळीस गोळ्या झाल्या. पार्टीसाठी सगळ्यांच्या वाटच्या गोळ्या एकानेच खिशात ठेवल्या, तर ते सगळं वजन त्याच्या नावावर लागतं.

राहिली मित्राची बॅग. माल तुमच्याकडे सापडला हे आधी सरकारी पक्षाने सिद्ध करायचं. ते झालं की कलम ३५ आणि ५४ मुळे गृहीतक तुमच्या विरोधात जातं. आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे तुम्हाला निःसंशय सिद्ध करावं लागतं. नुसतं म्हणून भागत नाही.

ज्याला व्यसनातून खरंच सुटायचंय त्याच्यासाठी या कायद्यात एक वाट आहे, आणि निरोपात नेमकी तीच नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४ अ नुसार त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पुरे करावे लागतात. अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.