‘आता असा सिनेमा काढू देणार नाहीत’ म्हणण्याची रीत

हे वाक्य आधी पाठ करा. कोण काढू देणार नाही, कशासाठी नाही, असले फाटे फोडायचे नाहीत. पुरावा म्हणून दिग्दर्शक मेल ब्रुक्सचा १९७४चा ‘ब्लेझिंग सॅडल्स’ हा अमेरिकन काउबॉयपटांची टर उडवणारा विनोदी सिनेमा पुढे करा. पाहिलेला नसला तर उत्तमच; पाहिलात की घोळ होतो.

म्हणजे बघा, १८७४ सालच्या रॉक रिज गावात बार्ट नावाचा काळा शेरीफ येतो, तो कुणाला समतेचा उमाळा आला म्हणून नव्हे. रेल्वेसाठी गावची जागा हवी असते आणि काळा शेरीफ पाहून गोरे आपोआप गाव सोडतील, हा खलनायक हेडली लामारचा हिशोब. स्वागताला सगळं गाव जमलेलं, आणि शेरीफ दिसताच बंदुका रोखलेल्या. बार्ट आपलंच पिस्तूल आपल्याच मानेला लावतो, एका आवाजात धमकी देतो, दुसऱ्या आवाजात गयावया करतो. स्वतःलाच ओलीस धरून तो सुखरूप निसटतो आणि गावकऱ्यांना ते खरं वाटतं! इथे हसं कुणाचं होतंय हे बघत बसू नका. तुम्ही काळ्यांना घातलेल्या शिव्या मोजा.

काळा शेरीफ ही निव्वळ गंमत आहे, असंही ठोकून द्या. बास रीव्हज नावाचा काळा माणूस १८७५ सालापासून अमेरिकेत खराखुरा डेप्युटी मार्शल, म्हणजे सरकारचा कायदा राखणारा अधिकारी होता, हे कुणी काढलंच तर चहा मागवा.

प्रतिनिधित्वाबद्दल विचारलं तर म्हणा, सगळे आहेत की! अमेरिकेतल्या आदिवासींचा सरदार आहे; तो स्वतः ब्रुक्सच आहे आणि यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलतो. चिनी मजूर आहेत, रूळ टाकायला. बायकांच्या वाट्याला नटी मॅडलिन कान एकटीच आली असं वाटेल, पण तिला ऑस्करचं नामांकन मिळालं ना, मग? (यिडिशची गंमत मला अजूनही आवडते. चिनी मजुरांचं मात्र काही केल्या समर्थन जमत नाही.)

एक नाव तेवढं टाळा: रिचर्ड प्रायर. पाच लेखकांतला हा काळा विनोदवीर बार्ट म्हणून ब्रुक्सला हवा होता. स्टुडिओनं घेऊ दिला नाही, भूमिका क्लीव्हन लिटलकडे गेली. ‘तेव्हा सगळं चालायचं’ हे याच्या आधी म्हणून टाका, नंतर जरा जड जातं.