खुलासा : निराधार अनुदानाच्या सुनावणीला ‘ठरलेला माणूस’ लागत नाही

राजापूर-देवगडकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय : संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचं अनुदान थांबलं, तर तहसील कार्यालयातल्या सुनावणीला पैसे देऊन एजंट उभा करावाच लागतो. हे साफ चुकीचं आहे. आपलं म्हणणं आपण स्वतः मांडू शकता.

वकील हवा असेल तर तो मोफत मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मधली मदत फक्त कोर्टापुरती नाही. इतर प्राधिकरणांपुढच्या प्रकरणांनाही ती लागू आहे. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे अनुदान थांबलेली विधवा आजी थेट पात्र ठरते! अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. तिचं काम तालुक्याच्या न्यायालयातूनच चालतं. फोनसाठी १५१०० आहे. पॅनेलवरचा, म्हणजे समितीच्या यादीतला, अमुक वकील हवा, असंही अर्जात सुचवता येतं.

मुलगा मुंबईला, गुडघे धरलेले, म्हणून शेजारच्या कुणाला पाठवायचं असेल, तर कुणाला, कोणत्या प्रकरणासाठी नेमलं ते सहीनिशी लिहून द्या, आणि असा माणूस चालेल का ते कार्यालयात आधी विचारा. हयातीचा दाखला, पासबुक, आलेली नोटीस यांच्या झेरॉक्सच द्या. आणि कळकळीने सांगतो, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, ओटीपी सांगू नका. अनुदानातला हिस्सा मागणारा माणूस तर मुळीच नेमू नका.