ताट घरी धाडू नका

परवा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: रविवारी जिभाऊंच्या मळ्यात भरीत पार्टी, माणशी दीडशे रुपये. लगेच सगळ्यांचे अंगठे पडले. दहा मिनिटांनी शेजारच्या काकूंचा फोन. "तू नको येऊ माय, तुले तरास व्हई. आम्ही तुनं ताट घर धाडी देसूत."

काकूंच्या मनात वाकडं काहीच नाही. माझ्या डाव्या पायाला पोलिओ, त्यात कॅलिपर म्हणजे पायाला बांधायचा आधार, काखेत कुबडी आणि वय सत्तेचाळीस. मळा रस्त्यापासून बराच आत, मधे पाटचारी आणि ओला बांध. ओल्या मातीत कुबडीचं रबर असं रुतून बसतं की कुबडी वर येते आणि रबर खालीच राहतं. त्यांना काळजी वाटली, हे खरंच आहे. पण या काळजीपायी आजवर किती हिवाळे मी घरी बसून एकटीने गार भरीत खाल्लंय, हे कधी कोणी मोजलं नाही.

आपल्याकडे भरीत म्हणजे काय असतं ते खानदेशी माणसाला सांगायला नको. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर फुटणारी हिरवी वांगी, धुराने लाल झालेले डोळे, सोलताना पोळणारी बोटं, "मिरची कमी टाका" म्हणणाऱ्याची थट्टा, कळण्याच्या पुऱ्या लाटताना निघणारी सासवांची उणीदुणी. डब्यातून घरी येतं ते नुसतं वांगं.

खरं तर आमची आठवण लोकांना येते. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, हमखास येते. एका सत्काराला (कुठल्या ते सांगत नाही, त्यांचा चहा प्यायलेय) मला स्टेजवर बोलावलं. सात पायऱ्या, धरायला कठडा नाही. दोन पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. पोरं भली होती, पण पदर एकीकडे, कॅलिपर दुसरीकडे आणि समोर तीनशे माणसं. वर गेल्यावर शाल मिळाली. फोटोत मी हसतेय. त्या दिवशी सकाळपासून मी चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता, कारण तिथलं बाथरूम मागच्या बाजूला, उंच उंबऱ्याचं आणि उकिडवं बसायचं भांडं असलेलं. माझ्यासारख्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. कार्यक्रम म्हटला की पाणी बंद. तुम्ही म्हणता, ही मंडळी चार लोकांत मिसळत नाहीत, लाजतात. अहो, लाजत नाही, लघवी धरून बसतो.

आमच्या समाजमंदिराला रॅम्प आहे बरं का. ओटा दीड फूट उंच, रॅम्प पाच फूट लांब. हिशोब अगदी सोपा आहे: एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी लागते, म्हणजे इथे अठरा फूट हवे होते. पाच फुटांत झाली घसरगुंडी. पोरं खूश आहेत. लग्नसराईत आचारी तिथे पातेली पालथी घालतो.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहे. आधीच्या १९९५च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं, आता २१ प्रकार आहेत. म्हणजे विषय नुसत्या कुबडीचा आणि चाकाच्या खुर्चीचा राहिलेला नाही. त्यात सांस्कृतिक कार्यक्रम आणि करमणुकीतल्या सहभागासाठी २९ नंबरचं स्वतंत्र कलमही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे जाता-वापरता यावं यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. छान झालं. पण भरीत पार्टीला कोर्ट येत नाही. तिथे काकू असतात.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. त्यातून कुठे धनादेश मिळतो, कुठे वस्तू मिळतात. ते बंद करा असं मी म्हणणार नाही, ज्याच्या घरात चूल त्यावर पेटते त्याच्यापुढे माझं हे पार्टीचं रडगाणं चोचल्याचं वाटेल. तरी मला वाटतं की उचलून ठेवता येईल असा एक लांब लोखंडी रॅम्प आणि दोन कमोडच्या खुर्च्या गावाच्या मालकीच्या हव्यात. मंडपाची भांडी, सतरंज्या असतात ना गावच्या, तशाच. ज्याच्या दारी कार्य, त्याने न्यावं.

आणि प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो असंही नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्या गल्लीत भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. एका घरातली मुलगी पूर्ण अंध आहे. ती डबा कानाशी धरते, एकदा हळू हलवते, एकदा जोरात. "शेंगदाण्याचे लाडू. पाच-सहा असतील. एक फुटलाय." झाकण काढलं तर एक खरंच फुटलेला! बाकीच्या मुली आता तिच्यावर चिडतात, तिला शेवटचा नंबर देतात. मला ते चिडणं फार आवडतं. तिथे तिची कोणी कीव करत नाही.

तिच्याच समोरच्या घरात ऐकू न येणारा मुलगा आहे, विशीतला. आमच्या गल्लीचे सेक्रेटरी प्रत्येक निरोप बोलून पाठवतात, टाइप करायचा कंटाळा. त्यामुळे गणपतीची मीटिंग झाल्यावर त्याला कळतं की मीटिंग होती. मी दोनदा ग्रुपवर लिहिलं. उत्तर बोलूनच आलं!

तर यंदा मी काकूंना "बरं" म्हटलं नाही. सरळ जिभाऊंना फोन लावला. म्हटलं, "जिभाऊ, मळ्याऐवजी खळ्यावर ठेवा ना. खळं रस्त्याला लागून आहे, जमीन चोपलेली आहे. कमोडची खुर्ची मी घेऊन येते, तुम्ही फक्त कापडाचा आडोसा करा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "एवढंच? मग इतकी वर्षं बोलली काब्र नही?"

प्रश्न बरोबर आहे. मी बोलले नाही, कारण मला कोणी विचारलं नाही. आणि त्यांनी विचारलं नाही, कारण मी कधी तक्रार केली नाही. असं करत करत वीसेक वर्षं गेली असतील.

काल ग्रुपवर नवीन निरोप आला, टाइप केलेला. जागा: जिभाऊंचं खळं. लगेच कोपऱ्यावरच्या आबांचं नावही यादीत आलं. गुडघ्यांमुळे तेही कित्येक वर्षं घरीच ताट घेत होते, हे मलाही माहीत नव्हतं.

वांगी सोलायला मी बसणार आहे, ते बसूनच करायचं काम आहे. ज्यांना तिखट कमी हवं त्यांनी आजच सांगा. खळ्यावर आल्यावर मी कोणाचं ऐकणार नाही.