बैलाचं औषध पिल्लाला?

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘व्यालेल्या कुत्रीला पिसवा झाल्या तर जनावरांचं गोचिडाचं औषध झाकणभर बादलीत टाका, आईला-पिल्लांना आंघोळ घाला, खाली डांबरगोळ्यांची पूड पसरा. एका दिवसात साफ, काही होत नाही.’ परभणीकडं आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) तुराट्यांच्या गंजीखाली कुत्री व्याली की कुणीतरी हा मेसेज दाखवतंच.

पिसवांकडं दुर्लक्ष नको, एवढं त्यात बरोबर आहे. पिसवांनी नुसतं रक्त प्यायल्यानंही लहान पिल्लू दगावतं. पण ‘झाकणभर’ हे माप कुणाचं? गोचिडाच्या औषधातलं डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन बैलालासुद्धा मिलीलिटरनं मोजून लावायचं असतं, आणि पिल्लू अर्ध्या किलोचं. जास्त झालं की लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. बरं, एकट्या आईला लावलं तरी सुटका नाही. पिल्लं तिच्या पोटाशी तोंड घासत दूध पितात, ती त्यांना दिवसभर चाटते.

आंघोळीचंही तसंच. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. ओलं पिल्लू गारठूनच जाईल. डांबरगोळीतलं नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, आणि इथं रक्त आधीच कमी पडलेलं!

‘एका दिवसात साफ’ तर होतच नाही. पिसवेची मादी रोज चाळीसेक अंडी घालते, ती अंगावरून खाली अंथरलेल्या गोणपाटात गळतात. कोषातली पिसू कित्येक महिने दम धरते. म्हणून गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा किंवा सरळ जाळा, जागा झाडून घ्या, आणि हे दर दोन-चार दिवसांनी.

पिल्लांना उवांच्या बारीक फणीनं विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. फणीत आलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवून बघा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच रक्त.

औषध वय आणि वजन बघूनच. पिसवा मारणारी निटेनपायरमची गोळी 4 आठवड्यांनंतर, तीही पिल्लू 900 ग्रॅमच्या वर असेल तर. पिसवांवरचे, कातडीवर लावायचे सेलामेक्टिनचे थेंब 6 आठवड्यांनंतर, ते दूध पाजणाऱ्या आईलाही चालतात. मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा. पांढरी दिसली, म्हणजे रक्त कमी झालंय, तर फणी ठेवा आणि त्याच दिवशी पिल्लू दवाखान्यात न्या.