गिटारच्या पिकअपची ‘पाच गुपितं’ आणि कापलेली अर्थ पिन

गिटार वाजवणाऱ्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला, "कंपन्या लपवतात ती पिकअपची पाच गुपितं, दहा हजारांची गिटार लाखाची वाजेल". (पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेली चुंबक आणि कॉइलची पट्टी, तीच तारांचं कंपन पकडून विजेचा सिग्नल करते.) असे मेसेज येतच असतात म्हणून मी सोडून दिला होता. पण काल तोच मेसेज माझ्या भाच्यानं मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, पाचवं करून पाह्यलं, हम खरंच कमी झाला." हम म्हणजे अँपमधून (अँप्लिफायरमधून) येणारी सततची घूं. आणि पाचवं म्हणजे काय, तर अँपच्या प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थ पिन, कापून टाकायची. इंजिनिअरिंगला आहे हा मुलगा. मी लगेच फोन करून अँप बंद करायला लावला, आणि आता हे लिहून राहिलो कारण त्याच्या ग्रुपमधल्या आणखी किती जणांनी पक्कड हातात घेतली असेल काय माहीत.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. एक, पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रेझिस्टर) बदलून जास्त किलोओमचे टाका, पॉवर डबल होते. दोन, टोनचा कॅपॅसिटर महागडा ऑइलवाला टाका, खरा टोन त्यातच असतो. तीन, हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) स्प्लिट केला की अस्सल स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा आवाज) मिळतो. चार, कॉइलचा रेझिस्टन्स जितके जास्त किलोओम तितका पिकअप भारी, आणि तो तारांच्या जितका जवळ न्याल तितकं चांगलं. पाच, हम घालवायचा तर अँपची अर्थ पिन कापा आणि गिटारमधली ब्रिजला (तारा बॉडीवर ज्यावर टेकतात त्या धातूच्या पट्टीला) जाणारी वायर पण कापा, "कारण हम अर्थमधूनच येतो". पहिल्या चारांत फार तर पैसे जातील, पाचव्यात जीव जाईल, म्हणून सुरुवात तिथूनच.

तुमच्या गिटारचं मागचं झाकण किंवा पिकगार्ड उघडून पाहा. ब्रिजखालून एक वायर येऊन व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला सोल्डर केलेली दिसेल. तिथून जॅकची बाहेरची बाजू, मग केबलची जाळी, मग अँपची लोखंडी चॅसी (आतला सांगाडा), आणि चॅसीतून ती जाड पिन. म्हणजे तुम्ही तारांना हात लावला की अँपच्या चॅसीलाच हात लावलेला असतो, फक्त पाच-सहा मीटर लांबून. आता आतली एखादी लाइव्ह वायर सुटून चॅसीला टेकली किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर पिन शाबूत असताना सगळा करंट अर्थमधून जातो, फ्यूज उडतो नाहीतर एमसीबी पडतो, आणि माणूस वाचतो. पिन कापलेली असेल तर काहीच पडत नाही. चॅसी २३० व्होल्टवर, तारा २३० व्होल्टवर, आणि अँप आपला वाजतसुद्धा राहू शकतो. मग तुम्ही गायला म्हणून माइकला ओठ लावता, माइक मिक्सरमधून अर्थला जोडलेला, आणि करंट हातातून शिरून छातीतून ओठांपर्यंत जातो.

नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं याचंच मला वाईट वाटते. दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्यात करंट उतरून माणसं जातात, पाणी भरताना आधी प्लग काढ हे आपण लहान पोरांना शिकवतो. अँपची चॅसी आणि कूलरचा पत्रा यांत काही फरक नाही राजेहो. उलट गिटारवाला तर तो पत्रा दोन्ही हातांनी धरून बसलेला असतो, अनवाणी, पुसलेल्या फरशीवर, आणि शेजारी तोच कूलर चालू. त्यात मे महिन्यात जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, कोणी त्यात पाणी टाकत नाही, म्हणजे जी अर्थिंग आहे तीच आधी कमजोर. आपल्या तीन पिनी प्लगमध्ये अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा लांब काहून ठेवलीय? प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. कोणीतरी इतका विचार करून केलेली गोष्ट आपण एका फॉरवर्डवर कापतो.

आणि हे फक्त पुस्तकातलं भय नाही. स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये स्वानसीला स्टेजवरच गेला, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला, तिथेही अर्थिंगचाच घोळ. दोघंही नवशिके नव्हते.

मेसेजमध्ये असंही आहे की जुन्या अमेरिकन अँपना दोनच पिना असायच्या, मोबाईलच्या चार्जरलाही दोनच असतात. हो, जुन्या अँपना दोनच होत्या, खरं आहे, आणि म्हणूनच आज असा अँप दुरुस्तीला आला की शहाणा टेक्निशियन आधी तीन पिनी वायर लावतो आणि मेन्समधून चॅसीला जोडलेला तो जुना कॅपॅसिटर काढून फेकतो. त्या कॅपॅसिटरला त्या धंद्यात ‘डेथ कॅप’ म्हणतात. चार्जर डबल इन्सुलेटेड असतो, त्याचा उघडा धातू तुमच्या हाताला लागतच नाही. तुमचा अँप तसा बनवलेला नाही.

मग भाच्याचा हम कमी झाला कसा? झाला असेल, तो खोटं बोलत नाही. त्याचा अँप एका सॉकेटवर, लॅपटॉपला जोडलेला मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर, आणि दोघांमध्ये ऑडिओ केबल. दोन्हीकडून अर्थ आली की ग्राउंड लूप (अर्थच्या वायरींचं बंद वेटोळं) तयार होतो आणि ५० हर्ट्झची घूं सुरू होते. पिन कापली की लूप तुटतो. मेसेजमधलं अर्धं सत्य एवढंच, ते मी मान्य करतो. पण लूप तोडायचा तर सिग्नलच्या बाजूनं तोडा ना भाऊ, ग्राउंड लिफ्टचं (ऑडिओ केबलमधला अर्थचा जोड तोडणारं) बटन असलेला डीआय बॉक्स, म्हणजे ऑडिओ केबलच्या मधे लावायची डबी, त्यासाठीच मिळतो. त्याआधी दोन्ही गोष्टी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होते आणि खर्च शून्य.

हम कुठून येतो ते शोधायला मीटरही लागत नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या, तरी आवाज तेवढाच राहिला तर दोष केबलमध्ये, अँपमध्ये किंवा लूपमध्ये. व्हॉल्यूम वर करा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरा, एखाद्या दिशेला हम गायब होत असेल तर तो चुंबकीय हम आहे, पिकअपची कॉइलच तो पकडून राहिली. तारांना हात लावल्यावर चरचर कमी झाली तर ती तुमचं शरीर हवेतून गोळा करून गिटारला देत होतं, तारा ग्राउंडला असल्यामुळे ती थांबली. मेसेज म्हणतो ब्रिजची वायर कापा, म्हणजे हीच सोय कापा, चरचर वाढेल. फक्त ईएमजीसारख्या बॅटरीवाल्या ॲक्टिव्ह पिकअपना ती वायर लागत नाही, कंपनीच ती जोडू नका म्हणते. पण तुमच्या साध्या पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या, पिकअपला लागते. कॉपर टेपचं शिल्डिंगही चरचर कमी करतं, चुंबकीय हम नाही.

आणि हम जर अर्थमधूनच येत असता तर गिब्सन या गिटार कंपनीच्या इंजिनिअर सेथ लव्हरला एवढा खटाटोप कशाला करावा लागला असता? त्यानं १९५५ मध्ये हमबकरच्या पेटंटचा अर्ज केला, १९५९ मध्ये ते मंजूर झालं, आणि मधल्या काळातल्या पिकअपवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’चं स्टिकर असायचं म्हणून आजही लोक त्यांना पीएएफ म्हणतात. त्यात त्यानं केलं काय, तर दोन कॉइल, एकमेकींच्या उलट जोडलेल्या, आणि चुंबकाची दिशाही उलटी. तारेचा सिग्नल बेरजेत येतो, हम वजा होतो. उपाय कॉइलमध्ये आहे, प्लगमध्ये नाही.

त्यावरूनच तिसरा मुद्दा. हमबकर स्प्लिट करणे म्हणजे एक कॉइल बंद करणे. उरते काय? साधारण पाच हजार वेढ्यांची एक कॉइल, लोखंडी खिळे आणि खाली आडवा चुंबक. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये सात-आठ हजार वेढे आणि कॉइलच्या आत उभे अल्निकोचे (एका मिश्रधातूचे) चुंबकच. तो आवाज हा नाही. पातळ, बारीक, थोडा जवळपासचा, आणि हम परत आला तो वेगळाच. वाईट नाही, क्लीन रिदमला मी स्वतः वापरतो, पण "अस्सल स्ट्रॅट" म्हणून विकू नका. त्यापेक्षा दोन्ही कॉइल पॅरलल जोडून पाहा, आवाज उजळतो, थोडा हळू होतो आणि हम येत नाही. दोन्हीसाठी पिकअपला चार वायरी आणि जाळी लागते. जाळीत गुंडाळलेली एकच वायर असेल तर पिकअप उघडावा लागतो, केसापेक्षा बारीक तार असते ती, नवख्यानं हात घालू नये.

पॉटबद्दल एवढंच की पॅसिव्ह गिटारमध्ये पॉवर वाढवणारं काहीच नसतं. २५० किलोओमच्या जागी ५०० टाकला तर पिकअपच्या रेझोनन्सवरचा (ज्या फ्रिक्वेन्सीला तो सगळ्यात जोरात वाजतो ती, जितकी वर तितका आवाज उजळ) भार कमी होतो, ट्रेबल जास्त ऐकू येतो. सिंगल कॉइलला बहुतेक २५०, हमबकरला ५००. पॉट २० टक्के इकडेतिकडे असतात म्हणून सीताबर्डीच्या बाजारातून आणले की आधी मोजा. आणि ट्रेबलच वाढवायचा असेल तर केबल पाहा की. साध्या केबलची कॅपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. स्ट्रॅटच्या पिकअपचं इंडक्टन्स २.४ हेन्री धरलं आणि अँपच्या इनपुटचे वगैरे १०० पिकोफॅरड मिळवले, तर सहा मीटरच्या केबलला रेझोनन्स ३.९ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, तीन मीटरच्या केबलला ५.१ च्या आसपास. एवढा फरक कोणताही महागडा पार्ट देत नाही.

कॅपॅसिटरवर वेळ घालवत नाही. टोन नॉब दहावर असताना तो जवळपास कामातच नसतो. फरक पडतो तो व्हॅल्यूचा, म्हणजे ०.०२२ की ०.०४७ मायक्रोफॅरड याचा. स्वस्त सिरॅमिक चकत्या छापल्यापेक्षा बऱ्याच वेगळ्या निघतात हे मान्य, म्हणून मीटरवर मोजून लावा, काही रुपयांत काम होते.

किलोओमचं तर फारच वाढवून ठेवलंय लोकांनी. तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांत रेझिस्टन्स वाढतो, आउटपुट वाढलं असं नाही. तांब्याचा रेझिस्टन्स एका डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे डिसेंबरात २० डिग्रीला ८ किलोओम दाखवणारा पिकअप आपल्याकडे मेमध्ये ४५ डिग्रीच्या खोलीत ८.८ च्या जवळ दाखवेल. पिकअप भारी झाला का? आणि स्ट्रॅटचा पिकअप तारांना चिकटवला तर चुंबक तारा ओढतात, जाड तारा बेसूर होतात, सस्टेन (सूर लांबणं) मरतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर जाड तारेकडे २ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे १.६, हे फेंडरचंच माप आहे, तिथून सुरुवात करा.

भाच्याला जास्त टोन हवे आहेत, तर त्याच्या तीन पिकअपच्या गिटारवर आम्ही रविवारी एकच काम करणार आहोत. टोनचा एक पॉट काढून पुश-पुल टाकायचा, ओढला की नेकचा (दांड्याकडचा) पिकअप कशाबरोबरही चालू होईल. पाचच्या जागी सात आवाज, नेक आणि ब्रिज एकत्र, आणि तिन्ही एकत्र. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ४० ते ६० चं आणा, पाठ आधी सँडपेपरनं घासा. पण त्याआधी अँपला नवीन प्लग. हिरवी, किंवा हिरवी-पिवळी, वायर जाड पिनला, स्क्रू घट्ट, आणि मग मीटरवर त्या पिनपासून चॅसीपर्यंत जोड सलग लागतो का ते पाहायचं. तो लागल्याशिवाय गिटारला हात नाही.