गुडघा कसा आहे?

गेल्या मंगळवारी साडेतीन तास मी आमच्या सोसायटीत लोकप्रिय होतो. दुर्दैवाने तेव्हा तो मी नव्हतो.

झालं इतकंच, की बी विंगमधल्या वहिनींचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, 'माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा पाठवता?' नंबर वहिनींचाच, फोटो वहिनींचाच, हातात मोदकांचं ताट. मी पाठवला. नुसता कोड नव्हे, 'हा कोड कुणालाही सांगू नका' या ओळीसकट आख्खा मेसेज पाठवला. वहिनींचं खातं सकाळीच चोराने पळवलं होतं. आता माझंही गेलं. ते कळेपर्यंत साडेतीन तास उलटले, कारण मी जेवून आडवा झालो होतो (ऑफिसात बोलू नका). मग परत नोंदणी करून त्याला हुसकावलं, तर पठ्ठ्या आत स्वतःचा पिन लावून गेलेला. तो पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबायचं असा नियम आहे. घर माझं, चोर पळालेला, पण कुलूप त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चौथ्या मजल्यावरचे अण्णा भेटले. डोंबिवलीत लिफ्ट बंद असली की माणसं भेटतात. हातात दुधाच्या दोन पिशव्या, फोनला रबरबँड. दोन पायऱ्या वर थांबून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही नक्की तुम्हीच ना?"

"अण्णा, समोर तर उभा आहे!"

"समोर आहात ते ठीक. काल फोनवर कोण होतं?"

"चोर."

"फार सज्जन वाटला हो. गुडघ्याची चौकशी केली. अकरा वर्षं शेजारी आहात, तुम्ही कधी केलीत?"

मी गुडघ्याकडे पाहिलं. आता विचारणं बरं दिसलं नसतं.

"पण तो हिंदीत लिहीत होता ना? तेव्हा तरी शंका यावी!"

"मला वाटलं, तुमचं प्रमोशन झालं."

चोराने पंधरा हजार मागितले होते. अण्णांनी दोन पाठवले. "दोनच का?" मी विचारू नये ते विचारलं.

"तुमची पत तेवढीच धरली मी."

पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं होतं, ते मेहुण्याचं असेल अशी अण्णांनी स्वतःची समजूत घातली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावा, लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात अडकवता येतात पैसे. अण्णा शांतपणे म्हणाले, "पोलिसांना कशाला त्रास? मागितले तुमच्या नावाने. तुम्हीच द्या ना." आणि दूध तापायचंय म्हणून वर निघून गेले.

मला राग पैशांचा नाही. (आहे. पण थोडा.) आमच्या ग्रुपचा इतिहास बघा. 2016 साली दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे इथे सगळ्यांनी मानलं. युनेस्कोने 'जन गण मन' जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हे दर ऑगस्टला नव्याने मानतात आणि टाळ्या वाजवतात. मी एकदा हे खोटं आहे असं लिहिलं, तर चार दिवस कुणी बोललं नव्हतं. अशा भाविक मंडळींना संशय आला तो थेट माझाच. सेक्रेटरींनी 'सुरक्षेच्या कारणास्तव' मला ग्रुपमधून काढलं. वहिनी अजून आत आहेत, मोदकांसकट. शुक्रवारी टाकी धुणार असल्याची सूचना ग्रुपवर आली म्हणे. मला ती अंगाला साबण लावल्यावर कळली.

आठव्या दिवशी खातं मिळालं. आधार कार्ड दाखवून, सेक्रेटरींच्या दारात चहा न मिळता उभं राहून, ग्रुपमध्ये परत आलो. म्हटलं, झालं गेलं विसरून चार शब्द गोड लिहावेत.

'नमस्कार मंडळी. अण्णा, गुडघा कसा आहे?'

मिनिटभरात अण्णांचं उत्तर आलं, 'तोच आहे तो! काढा!'

सेक्रेटरींनी काढलं.