जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला अपयशी म्हणू नका

आज सकाळी परत एक यादी फिरत आली, अमेरिकेच्या 'अपयशी' अध्यक्षांची. त्यात जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. कारण एवढंच की दुसरी टर्म मिळाली नाही. वाचून डोकं फिरलं.

६ फेब्रुवारी १८३७ चा दिवस बघा. अध्यक्षपद जाऊन आठ वर्षं झालेली, वय ६९, आणि हा माणूस मॅसॅच्युसेट्सचा साधा सदस्य म्हणून प्रतिनिधीगृहात उभा. सभापती जेम्स पोक यांना त्याने विचारलं, माझ्याकडे स्वतःला गुलाम म्हणवणाऱ्या २२ जणांचा अर्ज आहे, तो गळचेपीच्या नियमात बसतो का? नुसतं विचारलं. गुलामगिरी चालणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांचे सदस्य पेटून उठले. निंदेचा ठराव आणा, हाकला याला!

तो नियम काय होता ते तरी वाचा रे. २६ मे १८३६ ला ११७ विरुद्ध ६८ मतांनी ठरलं की गुलामगिरीशी संबंध असलेला कुठलाही अर्ज आला की बाजूला ठेवून द्यायचा. छापायचा नाही, समितीकडे पाठवायचा नाही, त्यावर पुढे काही करायचं नाही. मतदानात नाव पुकारल्यावर अ‍ॅडम्सने हो-नाही म्हटलंच नाही. हे संविधानाचं, सभागृहाच्या नियमांचं आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचं उल्लंघन आहे, असं तोंडावर सांगितलं.

पण त्यात फट होती, ती त्याने हेरली. तो ठराव होता, कायमचा नियम नव्हता. प्रत्येक अधिवेशनात नव्याने मंजूर करावा लागे, आणि तो मंजूर होईपर्यंत अ‍ॅडम्स अर्ज पुढे रेटत राही. वैतागून जानेवारी १८४० मध्ये ठरावाच्या समर्थकांनी कायमचा नियम केला: असे अर्ज स्वीकारायचेच नाहीत. मतं किती? ११४ विरुद्ध १०८. ४९ चं मताधिक्य सहावर आलं. फास आवळला तसे उत्तरेचे सदस्य सुटत गेले, कारण आता प्रश्न नुसत्या गुलामगिरीचा उरला नव्हता, त्यांच्या स्वतःच्या मतदाराच्या अर्ज करण्याच्या हक्काचा झाला होता.

त्या २२ जणांच्या अर्जाचंही तेच. गोंधळ टिपेला पोचल्यावर अ‍ॅडम्सने सांगितलं, अर्जात गुलामगिरी बंद करा असं लिहिलेलंच नाही, उलटं लिहिलंय. तोवर ज्या विषयावर बोलायला बंदी, त्यावरच अख्खं सभागृह तावातावाने बोलत होतं! आणि निंदेच्या ठरावामुळे त्याला बचावाचं भाषण करायची संधीच मिळाली. १८४२ मध्येही त्यांनी तीच चूक केली. मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावच्या रहिवाशांनी संघराज्यच मोडा असा अर्ज केला होता, तो अ‍ॅडम्सने मांडला म्हणून पुन्हा निंदेचा ठराव. हा बचावाला उभा राहिला तो दिवसचे दिवस बोलला. शेवटी १०६ विरुद्ध ९३ मतांनी ठराव गुंडाळावा लागला.

हो, मान्य. १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रतिस्पर्धी अँड्र्यू जॅक्सनला ९९ इलेक्टोरल मतं होती, याला ८४, बहुमत कुणालाच नाही, म्हणून निकाल प्रतिनिधीगृहात लागला. तेव्हाचा सभापती हेन्री क्ले याने मदत केली आणि नंतर त्यालाच परराष्ट्रमंत्री केलं, ती घोडचूकच. चार वर्षं त्याची किंमत मोजली. परराष्ट्रमंत्री असताना गुलाममालकांच्या भरपाईचे दावे यानेच इंग्रजांपुढे लढवले, हेही खरं.

पण अध्यक्षपदावरून उतरलेला माणूस १८३१ पासून १७ वर्षं त्या बाकावर बसतो, वयाच्या ७३ व्या वर्षी गुलाम नेणाऱ्या आमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकन बंदिवानांसाठी सर्वोच्च न्यायालयात उभा राहतो, याला अपयश म्हणतात?

३ डिसेंबर १८४४. नियम रद्द करण्याचा ठराव अ‍ॅडम्सचाच. १०८ विरुद्ध ८०. त्या रात्री त्याने डायरीत देवाचे आभार मानले. त्या २२ जणांच्या अर्जाला तेव्हा जवळजवळ आठ वर्षं होत आली होती. पुढे २१ फेब्रुवारी १८४८ ला तो त्याच सभागृहात, आपल्या जागेवर कोसळला. दोन दिवसांनी सभापतींच्या खोलीतच त्याने प्राण सोडला. तिथून घरी न्यायची वेळ आलीच नाही.